आठ की साठ

मार्चमधली पहाट होती. उजव्या कुशीवर वळले आणि खोली फिरायला लागली. कपाट, खिडकी, भिंतीवरची दिनदर्शिका, सगळं एका दिशेनं पळत सुटलं. परत जागेवर यायचं आणि परत पळायचं. पलंगाची कड मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पलंग जागचा हललेला नाही हे हातांना कळत होतं, डोळ्यांना पटत नव्हतं. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं, पण तेवढ्यात अंग घामानं भिजलं होतं. भिंत धरत धरत मोरीपर्यंत पोचले आणि उलटी झाली.

कारण ज्याला त्याला ठाऊक होतं. पित्त झालंय. रात्री नीट जेवली नसशील. वह्या तपासून तपासून मान अवघडली असेल. सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवून टाकली. एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांची झीज दाखवली आणि गळ्याला पट्टा दिला. तो घालून मी बारा दिवस काढले. वरच्या फडताळातला डबा काढायला मान वर केली की खोली पुन्हा निघायची. उजव्या कुशीवर वळायची तर धडकीच भरली होती. नवरा फिरतीवर होता, म्हणून इचलकरंजीहून अण्णा, म्हणजे माझे वडील, सोबतीला येऊन राहिले आणि तेराव्या दिवशी तेच मला मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंधारी येते की गरगरतं?"

मी क्षणभर थांबले. हे दोन वेगळे त्रास आहेत हे मला भाषा म्हणून माहीत होतं, शरीर म्हणून कधी लक्षात घेतलं नव्हतं. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा बहुतेकदा मेंदूकडे जाणारं रक्त घटकाभर कमी पडलेलं असतं. गरगरतं तेव्हा भोवतालचं जग फिरतं, आणि त्याचा उगम पुष्कळदा कानात असतो. आपल्याकडे घेरी, भोवळ, अंधारी, गरगरणं असे नेमके शब्द आहेत, आणि दवाखान्यात मात्र आपण सगळ्यांना मिळून 'चक्कर' म्हणतो. मी बारा दिवस चक्करच म्हणत होते. "गरगरतं," मी म्हटलं, "आणि उजवीकडे वळलं की जास्त."

त्यांनी मला तपासणीच्या पलंगावर पाय लांब करून बसवलं, डोकं उजवीकडे वळवलं आणि दोन्ही हातांत धरून झटकन मागे निजवलं, इतकं की डोकं पलंगाच्या कडेखाली गेलं. "डोळे मिटू नका. माझ्या कपाळाकडे बघा." दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग छत फिरायला लागलं. मी त्यांचा हात आवळला. त्या शांतपणे माझ्या बुबुळांकडे पाहत होत्या. बुबुळं एका बाजूला झटके देत होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. "उजवा कान. खडे सरकलेत. पट्टा काढून टाका."

सरकलेले खडे! गेली अठरा वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवते. ध्वनीच्या धड्यात कानाची आकृती येते. ती मी दरवर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर काढते. पाळी, नळी, पडदा, हातोडी, ऐरण, रिकीब, आणि शेवटी शंखासारखं वेटोळं. त्या वेटोळ्याच्या डोक्यावर तीन अर्धवर्तुळाकार नळ्या काढून नाव द्यायचं आणि म्हणायचं, 'या तोल सांभाळतात.' एका वाक्यात संपायचं. ज्यांच्यामुळे मी फळ्यासमोर उभी राहू शकत होते, त्यांना मी वर्षाकाठी एक वाक्य देत होते.

घरी येऊन पुस्तकं काढली. आतल्या कानात दोन बारीक पिशव्या असतात. त्यांत चिकट, खिरीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण बसलेले असतात. शिंपल्यात, अंड्याच्या कवचात, चुनखडीत जे असतं तेच हे. मान कलली की हे जड कण कलतात, एसटीनं ब्रेक मारला की पुढे सरकतात, लिफ्ट वर निघाली की खाली दबतात. त्यांच्या खालच्या केसाळ पेशी त्या ओढीनं वाकतात आणि मेंदूला कळवतात की खाली कुठे आणि पुढे कुठे. शेजारच्या तीन नळ्या एकमेकींशी काटकोनात असतात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा. त्यांचं काम डोकं कुठे आणि किती वेगानं वळतंय ते सांगायचं. आत पाणी भरलेलं असतं.

हे कळायला फुगडीइतकं चांगलं साधन नाही. पाण्यानं भरलेला तांब्या एकदम गोल फिरवला की तांब्या फिरतो, आतलं पाणी मागे राहतं. फुगडीच्या सुरुवातीला कानात तसंच होतं: डोकं फिरतं, पाणी रेंगाळतं, आणि त्या फरकानं नळीतला इवलासा मऊ पडदा वाकतो. गरगर गरगर फिरत राहिलं की थोड्या वेळानं पाणीही आपला वेग पकडतं. मग फुगडी सुटते. पाय थांबतात, पाणी थांबत नाही. पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदूला वाटतं, आता आपण दुसरीकडून फिरतोय. मंगळागौरीला फुगडी सोडल्यावर खांबाला धरून उभ्या राहिलेल्या पोरींना अंगण फिरताना दिसतं ते यामुळे.

माझ्या बाबतीत पिशवीतले काही कण सुटून मागच्या नळीत शिरले होते. वय वाढलं की हे होऊ शकतं, डोक्याला मार लागून होतं, आणि पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. कुशीवर वळले की ते कण नळीत घरंगळायचे, पाणी ओढून न्यायचे आणि नसलेली गिरकी मेंदूला कळवायचे. डावा कान म्हणायचा स्थिर आहोत, उजवा म्हणायचा फिरतोय. मेंदूनं उजव्यावर विश्वास ठेवला आणि डोळ्यांना तशी आज्ञा दिली.

डोळ्यांना कशासाठी, हे मला फार सुंदर वाटतं. हे वाचता वाचता मान डावी-उजवीकडे हलवून बघा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून मोबाइल त्याच वेगानं हलवा, अक्षरं विस्कटतात. मान हलते तेव्हा कान साधारण एका सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळ्यांना सांगतो, 'तेवढंच उलट वळा.' म्हणून चालताना जग उड्या मारत नाही. कानाडोळा हा शब्द आपण दुर्लक्षासाठी वापरतो. शरीरात कान आणि डोळा यांच्याइतकं एकमेकांकडे लक्ष असलेली जोडी क्वचितच असेल.

व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर होते. रोग्यांचे कान पाण्यानं धुताना काहींना गरगरायचं, बुबुळं झटके द्यायची. एकदा रोग्यानं पाणी गार असल्याची तक्रार केली, म्हणून पुढच्या वेळी ते गरम घेतलं. तर ते फार गरम झालं आणि गरगरणं पुन्हा झालं, पण आता बुबुळं उलट दिशेनं झटकत होती. बारानींच्या ध्यानात आलं की कढईत तापलेलं पाणी वर चढतं तसं कानातल्या नळीचं पाणीही तापल्यावर वर चढत असणार आणि गारठल्यावर खाली जात असणार. डोकं न हलवता कानाला फसवता येत होतं, म्हणजे तपासताही येत होतं. त्यांना १९१४चं नोबेल मिळालं. बातमी पोचली तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते, आणि स्वीडनच्या राजपुत्रानं रदबदली केल्यावर १९१६मध्ये सुटले. ती परीक्षा आजही होते. रोग्याच्या साध्या तक्रारीकडे त्यांनी कान दिला, यातून हे सगळं निघालं.

उपाय तर औषधाविना झाला. डॉक्टरबाईंनी डोकं उजवीकडून हळूहळू डावीकडे नेलं, मग मला डाव्या कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे करायला लावलं, मग उठवून बसवलं. प्रत्येक स्थितीत मिनिटभर. खडे ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर परत पिशवीत आणायचे. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी ही युक्ती काढली. सुरुवातीला व्यवसायबंधूंना ती पटत नव्हती. बारा दिवस पट्ट्यात काढलेले मी पाच मिनिटांत बरी झाले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आज कुणीतरी माझ्यासारखाच पट्टा घालून बसलेलं असेल.

मी बरी होऊन बाहेर आले तो प्रसंग मात्र वेगळा आहे. आत असताना डॉक्टरबाईंनी मदतनीस मुलीला सांगितलं, यांच्या वडिलांना बोलवा. मुलीनं दारातून हाक मारली, "आजोबा, आत या." अण्णा समोरच बाकावर बसले होते. तिनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. अण्णा भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "यांचे कान कधी तपासलेत?"

कधीच नाही.

अण्णा इचलकरंजीत ३१ वर्षं यंत्रमागावर कामाला होते. चार साधे माग सांभाळायचे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. लहानपणी मी डबा घेऊन कारखान्यात जायची. गल्लीच्या तोंडापासून खडखडाट सुरू व्हायचा, आणि आत पाऊल टाकलं की तो कानात न राहता छातीत वाजायचा. पत्र्याखाली चोवीस माग, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे आदळतोय. तिथं कुणी बोलत नसे. माग दुरुस्त करणारा जॉबर बोटांनी खुणा करायचा, कांडीवाल्या बायका ओठांवरून ओळखायच्या. डबा द्यायला मी अण्णांच्या सदऱ्याला धरून ओढायची. ते वळून हसायचे, आणि त्यांचे ओठ हलायचे.

घरी आम्ही त्यांच्यावर चिडायचो. आई म्हणायची, "अवो, ऐकू येत नाही का नुसतं ऐकायचं नाही?" आम्ही भावंडं म्हणायचो, अण्णा हवं तेवढंच ऐकतात. ते म्हणायचे, जरा मोठ्यानं बोल. आम्ही मोठ्यानं बोललो की दचकून म्हणायचे, "वरडतीस कशाला, भैरा हाय का मी?" मग आम्ही गप्प बसायचो. हळूहळू घरात अण्णांशी बोलणं म्हणजे कामापुरतं बोलणं झालं.

तपासणीत अण्णांच्या कानांचा आलेख निघाला. जाड आवाजांची रेघ वर सरळ चालली होती, आणि ४,००० हर्ट्झच्या आसपास ती कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसांच्या आलेखात हा खड्डा नेमक्या याच ठिकाणी पडतो. का, ते सांगायला पुन्हा कानात शिरावं लागेल.

कृष्णेच्या घाटावर पाण्यात डोकं बुडवलं की काठावरच्यांचं बोलणं ऐकू येत नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो. आतला कान पाण्यानं भरलेला. मग आवाज आत शिरणार कसा? म्हणून मध्ये तीन हाडं. त्यांतली रिकीब सुमारे ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. मोठ्या पडद्यावरचा दाब या हाडांमधून एका चिमुकल्या खिडकीवर एकवटतो आणि विसेक पटीनं वाढून पाण्यात उतरतो. हातोडी आणि ऐरण ही आपल्या प्राचीन, सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्यातली हाडं. ज्यांनी कधीकाळी भक्ष्य चावलं, ती आता शब्द आत नेतात.

आतलं वेटोळं अडीच वळणांचं, उलगडलं तर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. त्यात साधारण १५,००० केसाळ पेशी ओळीनं लावलेल्या. तोंडाशी बारीक आवाजांच्या, टोकाशी जाड आवाजांच्या. बहुतेक पेशी नुसत्या ऐकत नाहीत, आवाजाबरोबर स्वतः आखडतात आणि लांबतात, आणि हलक्या आवाजाला उचलून धरतात. मागाचा खडखडाट त्यांच्यावर वर्षानुवर्षं आदळला की काय होतं, ते आमच्या भागात ऊस बघून कळतं. एका रात्रीच्या वाऱ्यानं वाकलेला ऊस पुन्हा थोडा उभा राहतो. लग्नातल्या डीजेनंतर कानाला बसलेले दडे दुसऱ्या दिवशी सुटतात तसे. पण वारा रोजचाच असेल तर ऊस लोळतो तो लोळतोच. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात. माणसात नाही. आणि कानाची नळी स्वतःच ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज घुमवून मोठे करते, त्यामुळे त्याच्या जरा वरच्या पट्टीतल्या पेशी आधी बळी पडतात. त्याही पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच सर्वाधिक.

हलक्या आवाजाला उचलणाऱ्या पेशी गेल्या की हळू बोललेलं ऐकू येत नाही. पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली जागाच नाहीशी होते. 'जरा मोठ्यानं बोल' आणि 'वरडतीस कशाला' ही दोन्ही वाक्यं खरी होती. आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो.

मग शब्दांची चाचणी झाली. तपासणाऱ्या मुलीनं तोंडापुढे कागद धरला आणि एकेक शब्द उच्चारला. अण्णांनी परत म्हणायचा. मी कोपऱ्यात बसले होते.

"गाय." "गाय."

"माळ." "माळ."

"साठ."

"आठ," अण्णा ठामपणे म्हणाले.

स्वर जाड असतात, खालच्या पट्टीतले. ते त्यांना नीट ऐकू येत होते. 'स' म्हणजे नुसती हवेची शीळ, ४,०००च्या वरची. ती त्यांच्या कड्याखाली पडत होती. म्हणून आवाज येतो आणि शब्द कळत नाही.

आणि मला सहावीतली एक संध्याकाळ आठवली. गणितानं मला रडवलं होतं. सहामाहीच्या आधी दोन महिने रोज पहाटे उठून बसले होते. पेपर मिळाले त्या दिवशी धावत घरी आले. अण्णा दिवसपाळीहून येऊन पाय धूत होते. मी म्हटलं, "अण्णा, गणितात साठ पडले!" ते माझ्याकडे बघत राहिले, मग डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "असू दे. पुढच्या वेळेला मिळतील."

ते वाक्य मी तीस वर्षं जपून ठेवलं होतं. साठ त्यांना पुरले नाहीत असंच मी धरून चालले. पुढं ऐंशी मिळाले, नव्वद मिळाले, ते मी त्यांना सांगितले नाहीत, आईला सांगितले. तेव्हा त्यांची मागावरची पंधरा वर्षं झाली होती.

परत येताना रिक्षात मी त्यांना विचारलं, त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड धरून, सावकाश. त्यांना ती संध्याकाळ आठवत नव्हती. "आठ म्हणाली असशील तर मी तसंच म्हटलं असणार," ते म्हणाले. "रागवायचं कशाला? बारकी होतीस."

कारखान्यांच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे आणि गोंगाटानं आलेला बहिरेपणा त्या यादीत आहे. पण त्या पत्र्याखाली कुणी आवाज मोजला नाही. कानात घालायची बोंडं कुणी दिली नाहीत. मालकाचे स्वतःचेही कान त्याच खडखडाटात गेले असतील. माझं गरगरणं एका पहाटेत आलं म्हणून सगळं घर धावलं. अण्णांचे कान रोज पाळी-पाळीनं गेले आणि आम्ही त्याला स्वभाव म्हटलं. दोघांच्या दुखण्याच्या मुळाशी त्याच केसाळ पेशी, एकाच हाडात, एकाच पाण्यात. माझ्या खोट्या वाकल्या, त्यांच्या खरोखर मोडल्या. ऐकणं आणि तोल दोन्ही मेंदूकडे नेणारी चेताही एकच, बारा जोड्यांतली आठवी.

अण्णांना दोन्ही कानांना यंत्रं बसवली. मेलेल्या पेशी त्यानं परत येत नाहीत, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. सवय व्हायला काही महिने लागतील हेही. पहिल्या दिवशी त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि मान डोलावली, फार काही म्हणाले नाहीत. वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि हात आखडला. मग पाणी प्यायला उठले. दिवाणखान्यातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. मागे वळून फरशीकडे बघितलं, पायांतल्या चपलांकडे बघितलं.

"मी असा पाय घासत चालतो?"

"हो अण्णा. बरीच वर्षं."

"मला कुणी सांगितलं नाही."

पाऊल नीट पडलं का हे माणसाला पाऊल सांगतं, डोळा सांगतो, कानातलं पाणी सांगतं. आणि बारीक आवाजात फरशीही सांगत असते. अण्णा दिवाणखान्याच्या टोकापर्यंत परत आले. भिंतीला एक बोट टेकवलं, आणि एकेक पाय उचलून, फरशीवर ठेवून, मान जराशी कलती करून ऐकत, पुन्हा स्वयंपाकघराकडे निघाले.